तिसरा रकाना

आधी विचारायचं, मग मोजायचं.
उलटं करायचं नाही, सरांनी दोनदा बजावलं.
सिंदेवाहीचं कॉलेज, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष,
प्रकल्पाला वीस गुण.
भूगोलाच्या रिकाम्या खोलीत
गुंडाळलेल्या नकाशांच्या कपाटाशेजारी
भिंतीला टेप चिकटवला, शून्य खाली,
आणि डोक्यावर टेकवायला
गणिताच्या मॅडमचा लाकडी गुण्या.

वजनकाटा आरोग्य केंद्रातून उसना.
तो खरं बोलतो का बघायला
भावाने दुकानातून युरियाची गोणी आणली,
पंचेचाळीस किलो, शिवण न उसवलेली.
काटा म्हणाला, चव्वेचाळीस सहाशे.
आता गोणी खोटी की काटा,
यात पहिला तास गेला.
शेवटी चारशे ग्रॅम मनात धरले
आणि नावं पुकारली.

प्रफुल दडमल. एकशे पासष्ट.
त्याच्या मागचा, एकशे पासष्ट.
त्याच्याही मागचा.
अकरा पोरं ओळीने एकशे पासष्ट,
एकाच साच्यातून काढलेल्या विटा.
पोलीस भरतीचा आकडा तो,
त्याखाली इथे कोणी वाढणं थांबवत नाही.
प्रफुल भरला एकशे बासष्ट पूर्णांक चार.
"टाचा टेकव."
"टेकल्याच आहेत ना वं."
मग हळूच, "सकाळी मोजली तर जास्त भरते म्हणतात?"
भरते. पण एवढी नाही.
हे मी बोलले नाही.
तिसऱ्या रकान्यात लिहिलं.

आंचल बोरकुटेने एक्कावन्न सांगितलं.
चढण्याआधी चपला काढल्या, मग ओढणी,
मग कानातले, केसांचा चाप,
दप्तर तर केव्हाच मैत्रिणीकडे.
शेवटी श्वासही सोडून दिला.
छप्पन.
"तुमचा काटा पुढे आहे," ती म्हणाली.
आम्ही म्हटलं, मागे आहे. गोणी बघ.

सुगंधा मडावीला तिची उंची ठाऊक नव्हती.
बायोडाट्यावर मामाने पाच फूट दोन लिहिली आहे,
तीच घाल म्हणाली, तीन ठिकाणी गेली आहे ती.
गुण्या टेकला पाच फुटांच्याही खाली.
ती मागे वळून टेपकडे बघत राहिली,
कुणाची तरी खूण असल्यासारखी.

अचूक एकच निघाला. लीलाधर गेडाम.
सांगितलं अठ्ठावन्न, भरलं अठ्ठावन्न.
सुटीत राइस मिलमध्ये पोती उचलतो,
मालक जेवायला गेला
की धानाच्या काट्यावर चढून बघतो.

आणि रंजिता ननावरे.
पोरींनी सगळ्यांनी कमी केलं होतं,
हिने सांगितलं पंचेचाळीस, भरलं एकोणचाळीस.
का वाढवलंस, हा प्रश्न फॉर्मवर नाही.
तरी मी विचारला.
"त्याच्या खाली रक्त घेत नाही," ती म्हणाली.
"मायच्या ऑपरेशनला ब्रह्मपुरीत हेच सांगितलं होतं मी."
घेतलं?
"नाई. त्यांच्यापाशी काटा होता."
मग ती कोपऱ्यात गेली
आणि चपलेचा बंद लावायला गोणीवर बसली.

रात्री बेरीज केली.
पोरांनी वजन वाढवलेलं, पोरींनी घटवलेलं,
सरासरी फरक शून्य पूर्णांक एक.
मी निष्कर्ष लिहिला:
विद्यार्थी स्वतःचे वजन बहुतांशी बरोबर सांगतात.
सरांनी त्यावर आडवी रेघ मारली.
अधिक-वजा एकमेकांना खातात, म्हणाले,
आधी प्रत्येक फरकाचा वर्ग कर.
केला.
रंजिताच्या सहाचे छत्तीस झाले.

गोणी दुकानात परत गेली,
चारशे ग्रॅमचं कोणी काढलं नाही.
माझा फॉर्म गठ्ठ्यात सगळ्यात खाली आहे,
पहिला रकाना भरलेला, सुवाच्य अक्षरात.
काटा उद्या दहापर्यंत
आरोग्य केंद्रात पोचवायचा आहे.